शांतम्माचं माहेर

उदगीरच्या शांतम्माची एक खोड सगळ्या गल्लीला ठाऊक होती. तिला ‘नाही’ हा शब्द ऐकू येत नसे. बाकी कान ठणठणीत. दोन घरं पलीकडे दूध उतू गेलं तरी हिला आधी कळायचं. पण कुणी नाही म्हटलं की ही शांतपणे विचारायची, "बरं, मग कधी?" आणि समोरचा माणूस बिचारा तारीख सांगूनच सुटायचा.

तर या शांतम्मानं लेक पाळण्यात असतानाच एक गोष्ट ठरवून टाकली होती. बारशाला बायका जमल्या, पोरीचं नाव शिवकांता ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि बायका उठायच्या आत हिनं ऐकवून टाकलं, "ही माझ्या पंचाक्षरीची." पंचाक्षरी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय वर्षं सात. तो तेव्हा पाळण्याखाली बसून घुगऱ्या खात होता. बायको म्हणजे काय हे माहीत नसल्यामुळे त्यानं हरकत घेतली नाही.

आता पुण्यामुंबईकडच्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल. फुटू द्या. इकडे कर्नाटकाच्या शिवेवर मामानं भाची करणं म्हणजे घरातलं दही घरातल्या शिंक्यावर ठेवण्याइतकं साधं होतं. भाचीवर मामाचा हक्क पहिला. मामा नको म्हणाला तरच बाहेर बघायचं. खुद्द शांतम्माला तिच्या मामालाच दिली होती. महादेवप्पा तिचे सख्खे मामा, आणि तेच तिचे मालक. त्यामुळे पंचाक्षरीचे ते मामाही आणि दाजीही. जनगणनेला आलेल्या मास्तरनं या घरात कोण कुणाचं कोण ते एकदा विचारलं, पाणी मागून प्यायला, आणि मान हलवत पुढच्या घरी गेला.

शांतम्माचा हट्ट नुसता रीतीपायी नव्हता. त्यामागे एक भीती होती, आणि ती भीती तिनं कधी कुणाला सांगितली नाही. आई गेली तेव्हा पंचाक्षरी सहा वर्षांचा. शांतम्मानंच त्याला उदगीरला आणून वाढवला. पुढं वडीलही गेले, आणि मिसरूड फुटल्यावर तो चाकूरला वडिलांचं भांड्यांचं दुकान चालवायला परत गेला. आता माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते चाकूरचं तीन खणांचं घर आणि हा भाऊ. आणि आईबाप गेले की बाईचं माहेर भावजयीच्या हातात जातं, हे तिनं पाहिलं होतं. शेजारची सिद्धम्मा दिवाळीला माहेरी गेली तर भावजयीनं उंबऱ्यातच विचारलं होतं, "किती दिवस राहताल?" सिद्धम्मा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत आली आणि पुन्हा कधी गेली नाही. शांतम्मानं तेव्हाच मनाशी पक्कं केलं की आपल्या भावाच्या घरात परकी पोरगी येऊ द्यायची नाही. पोटची लेकच भावजय झाली, तर ती कशाला विचारेल किती दिवस म्हणून?

हिशेब बिनचूक होता. मध्ये आले ते दोघंच, लातूर जिल्हा आणि दुष्काळ.

लातूरचा जिल्हा झाला आणि उस्मानाबादेला घालायचे ते खेटे लोक लातूरला घालू लागले. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नव्या खुर्च्या. आणि त्या खुर्च्यांवर बसायला माणसं पाहिजेत. शिवकांता बी.ए. झालेली, टायपिंग शिकलेली. तिनं अर्ज टाकला आणि चक्क नेमणुकीचा कागद आला. शांतम्मा म्हणाली, "लग्नापतुर कर. तेवढाच वेळ जाईल." पोरगी लातूरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली. शनिवारी यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची, आणि दर खेपेला तिची वेणी चार बोटं वर सरकल्याचं शांतम्माला दिसायचं.

मग पाऊस रुसला. वैशाखात लग्न धरायचं ठरलं तर पंचाक्षरी चाकूरहून येऊन म्हणाला, "अक्का, लोकांच्या घशाला पाणी न्हाई. आपुन पंगती उठवायच्या म्हणजे लोक काय म्हणतेल?" बोलणं शहाणपणाचं होतं. शांतम्मानं मान्य केलं. पुढच्या वर्षी आभाळानं पुन्हा तोंड फिरवलं. पंचाक्षरी पुन्हा आला, तेच बोलला, आणि जाताना जेवून वर दोन धपाटे बांधूनही घेऊन गेला. तिसऱ्या वर्षी मात्र शांतम्माला संशय आला. दुष्काळानं सगळ्यांची तोंडं उतरली होती, आणि या बहाद्दराचं तोंड तेवढं टवटवीत.

ती नळेगावला गाडी बदलून चाकूरला गेली, तर दुकानापुढं ही गर्दी. टँकर आला की भांडं पाहिजे. जितकी भांडी तितकं पाणी. बायका घागरी, कळशा, प्लास्टिकचे हंडे हातोहात उचलत होत्या. गावात कुणाचं काही खपत नव्हतं, आणि याला जेवायला फुरसत नव्हती.

"तुला कसला आलाय रे दुष्काळ?" शांतम्मानं विचारलं.

पंचाक्षरीनं गिऱ्हाईक गड्यावर सोपवलं आणि बहिणीला आत नेऊन बसवलं.

"अक्का, पाण्याचं कसं करायचं पर?"

"टँकरवाल्याला बोलले मी. पन्नास माणसं. साधी पंगत. लगीन लावायला जंगम बी मोकळे हायत."

"घराचे पत्रे बदलायचे हायत."

"बदल की. महिना हाय आजून."

"अधिक महिना यायलाय म्हणतेत."

"तो पुढल्या साली."

पंचाक्षरीच्या पोतडीतले बहाणे संपले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "न्हाई अक्का."

"बरं, मग कधी?"

"कधीच न्हाई."

शांतम्माला आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द ऐकू आला. भाऊ पुढं बोलत होता. शिवकांताला आपण झोळीत झोके दिलेत, तिचं नाक पुसलंय, पाटीवर तिला अ-आ गिरवायला शिकवलंय; आता तिलाच बायको म्हणायचं तर जीभ वळत नाही. आणि दुसरंही एक होतं. इथल्या शाळेत सिंधु नावाची मास्तरीण आहे, कंधारची, आपल्यातलीच. दोन वर्षांमागं गळकी घागर परत करायला आली होती. अशी भांडली की त्यानं घागर बदलून दिली, वर झाकण फुकट दिलं, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. तिच्या घरचे राजी आहेत. अक्काचं तेवढं राहिलंय.

"अक्काचं कशाला पाह्यजे मग?" शांतम्मा उठली. "तुमचं तुम्ही उरकून टाका." समोर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला तिनं हात लावला नाही. टँकरच्या दिवसांत भरला तांब्या तसाच सोडून जाणं म्हणजे काय, ते पंचाक्षरीला समजलं. तो मागोमाग स्टँडपर्यंत आला. ती गाडीत बसली आणि खिडकीतून दुसरीकडे बघत राहिली.

शनिवारी शिवकांता आली. शांतम्मानं तिला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला, पोरीला धक्का बसू नये म्हणून लांबून लांबून सुरुवात केली. मामा असा असेल असं वाटलं नव्हतं, म्हणाली. पोरीनं सगळं ऐकलं, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

"हसायलीस काय? तुला टाकलंय त्यानं."

"सांगितलं का एकदाचं मामानं? दोन वर्षं मीच म्हणायलेय त्याला, अव्वाला सांग म्हणून. तो म्हणायचा, तू सांग. मी म्हणायचे, तू थोरला हायस. मग दुष्काळ हाय तवर निभावतंय तर निभावू दे म्हणलो दोघंबी." हसता हसता ती एकदम गंभीर झाली. "अव्वा, मामाचं पान नवरा म्हणून वाढायचं मनात आणलं ना, तर मला हसूच येतंय गं. अन् मग रडू येतंय."

म्हणजे दोन वर्षं भाऊ आणि लेक मिळून आपल्याला दुष्काळ दाखवत होते. शांतम्मा पेटली. संध्याकाळी महादेवप्पा जेवायला बसले तेव्हा ती भाकरी वाढत नव्हती, ताटात आपटत होती.

"लई शाणी झालीत लेकरं. आम्हांला न्हवतं का मन? मला दिली न्हाई का मामाला? काय कमी झालं माझं? सांगा की तुम्ही. काय कमी झालं?"

महादेवप्पा मितभाषी माणूस. अडतीवर दिवसभर लोकांचा कालवा ऐकून घरी आले की बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं. बायको विचारते आणि बायकोच उत्तर देते, ही घराची पद्धत त्यांना सोयीची होती. पण त्या दिवशी त्यांनी घास खाली ठेवला.

"कमी काय बी झालं न्हाई," ते म्हणाले. "बायको चांगली भेटली. माझी तकरार न्हाई."

"मग?"

"तू लहान व्हतीस तवा मी चाकूरला यायचो. तुला कसं कळायचं काय की, वेशीपतुर पळत यायचीस. मामा आला, मामा आला, गाव डोक्यावर घ्यायचीस. खांद्यावरनं खाली उतरायची न्हाईस. जेवायला बी माझ्याच ताटात." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "हळद लागली अन् त्या दिवसापासनं तू मला एक हाक मारली न्हाईस. मामा म्हणायचं न्हाई, नाव घ्यायचं न्हाई. बायको आली घरात, ते ठीक. पर माझी भाची कुठं गेली, ते मला कुणीच सांगितलं न्हाई."

शिवकांता बापाशेजारी मान खाली घालून भाकरी कुस्करत होती. शांतम्मा हातात भाकरी घेऊन तशीच उभी राहिली. तिला आपलं लग्न आठवलं. अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तिचा मामा तर समोर मुंडावळ्या बांधून उभा होता. मग कुणीतरी निलंग्याकडचा लांबचा एक पाहुणा मामा म्हणून मागं उभा केला होता, आणि त्याला मधूनच खोकला येत होता. आपल्याला मामा होता आणि तो त्या दिवशी गेला, हे इतक्या वर्षांत तिच्या मनात कधी आलं नव्हतं. ती भाकरी घेऊन परत चुलीपुढं गेली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली. बाहेर बापलेक जेवत राहिले.

दोन दिवसांनी तिनं चाकूरला निरोप धाडला: कंधारला पोरगी बघायला कधी जायचं ते कळव.

लग्न कंधारलाच झालं. टँकर सांगितलेलाच होता, तो तिकडे वळवला. शांतम्मानं थोरल्या बहिणीचं सगळं केलं. कुठं उणं पडू दिलं नाही. पण मान्य करणं वेगळं आणि गोड मानणं वेगळं. नवरानवरी पाया पडायला वाकली तेव्हा तिनं तोंडभर आशीर्वाद दिला आणि मनात म्हणाली, झालं, आता आपलं माहेर या बाईच्या उंबऱ्याआड गेलं.

मग बहाणे करायची पाळी तिची आली. पंचाक्षरीनं पंचमीला बोलावलं, तर तिचा गुडघा दुखत होता. गौरीला बोलावलं, तर म्हशीचे दिवस भरले होते. दिवाळीला तो स्वतः न्यायला आला तर म्हणाली, "दुष्काळाचं कशाला रे, तुमच्या पाण्यावर आणिक एक माणूस." पंचाक्षरी आला तसा परत गेला. दुष्काळ कसा वापरायचा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

खरी गोष्ट अशी की तिला जायची लई ओढ होती आणि जायचं भ्यावही वाटत होतं. गेलंच नाही तर किती दिवस राहताल म्हणून कुणी विचारणार नाही. पण शिवकांता येता-जाता चाकूरला उतरायची आणि इकडे येऊन सांगायची, मामीनं असं केलं, मामी तसं म्हणाली. मामा-भाचीचं आता असं जमलं होतं की विचारू नका. लेकीला तिथं आजोळ सापडलं होतं आणि आईला माहेर नव्हतं. शेवटी माघातल्या एका मंगळवारी शांतम्मानं धपाटे बांधले आणि कुणाला न कळवता गाडीत बसली. न कळवता गेलं की खरं काय ते समजतं, असं तिचं म्हणणं.

दुपारी ती चाकूरच्या घरापुढं येऊन उभी राहिली, तर दाराला कुलूप.

या दाराला कुलूप असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आई होती तोवर घरात सदा कुणी ना कुणी असायचं; दार लोटलेलं असलं तरी बोटानं उघडायचं. लहानपणी ती खेळून यायची ती दार ढकलूनच आत पडायची. आईमागं ती यायची ती कळवूनच, आणि पंचाक्षरी दार उघडून वाट बघत असायचा. आणि आज भरदुपारी पितळेचं हे एवढं कुलूप तिच्या तोंडावर लटकत होतं. ‘किती दिवस राहताल’ विचारायलासुद्धा दारात कुणी नव्हतं. सिद्धम्माचं नशीब बरं म्हणायचं, तिला निदान भावजय तरी दिसली होती. शांतम्माच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून तिला जास्तच राग आला.

समोरची बसम्मा भिंतीवरून डोकावली. "सिंधुबाई शाळंत असतेत आत्ता. अन् भाऊ तुमचा दुकानात."

"मग बाईमाणूस घरात नसतं व्हय कधी?"

"चार वाजता येतेत की."

शांतम्मा तरातरा शाळेकडे निघाली. काय बोलायचं ते वाटेत तिनं तयार केलं. चांगलं लांबलचक होतं आणि त्यात तिची आई, तिचे वडील आणि या घराचं दार, सगळं येत होतं. शाळेत पोरं पाढे म्हणत होती. दारात नणंद दिसली तशी सिंधु हातातला खडू टाकून बाहेर आली आणि व्हरांड्यातच पाया पडली.

"दाराला कुलूप हाय," शांतम्मा म्हणाली. तयार केलेल्यातलं तेवढंच बाहेर आलं.

"हाव, शाळा हाय ना अक्का." सिंधुनं आत जाऊन पर्स आणली आणि तिच्यातून एक किल्ली काढून पुढं केली. "ही घ्या. तुमची हाय."

"माझी?"

"लगीन झाल्यावर करून आणली. मी दिवसभर शाळेत, तुम्ही कधी येताल काय माहीत. आलात तर दारात उभं राहावं लागंल. तवापासनं रोज संगं घेऊन फिरून राहिले. तुम्ही यायलाच तयार न्हाई." सिंधुच्या बोलण्यात थोडं भांडण होतं. घागर परत करताना अशीच बोलली असणार. "रांजण भरलेला हाय. चार वाजता येते मी. तवर सैपाकाला हात लावायचा न्हाई. माहेरी आल्यात तुम्ही."

वर्गातली पोरं पाढे सोडून दाराशी गोळा झाली होती. त्यांना हाकत सिंधु आत गेली. शांतम्मा किल्ली मुठीत धरून आली तशीच परत फिरली. तिला भावानं लुगडी दिली होती, बापानं दागिने दिले होते, आईनं पोटभर माया दिली होती. माहेरच्या घराची किल्ली तिला कुणी दिली नव्हती. तिलाच काय, तिच्या माहितीतल्या कुठल्याच बाईला कुणी दिली नव्हती.

कुलूप काढायला तिला जरा वेळ लागला, सवय नव्हती. आत जाऊन ती रांजणातलं गार पाणी प्यायली. घरातून फिरली, डबे उघडून पाहिले. चुलीच्या जागी गॅस आला होता, भिंतीवर आईचा फोटो पुसून ठेवलेला होता. धपाट्यांचं गाठोडं तिनं सैपाकघरात ठेवलं, दार आतून लावून घेतलं आणि फरशीवर नुसतीच आडवी झाली. कुणी हाक मारणार नव्हतं, कुणाला चहा करायचा नव्हता. बघता बघता तिला गाढ झोप लागली.

कडी वाजली तशी ती जागी झाली.

"कोण हाय?"

"मी हाय, पंचाक्षरी. दार उघड अक्का. भूक लागलीय."

"तुझी किल्ली कुठं हाय?"

"मला कुठली किल्ली?" बाहेरून भाऊ म्हणाला. "दोनच हायत. सिंधु म्हणली, एक माझी अन् एक अक्काची. मी रोज दुपारी शाळेतनं मागून आणतो. आज गेलो तर म्हणली, अक्का घरी हायत, त्यांना इचारा, घेतेत का आत."

शांतम्मा उठून बसली. किल्ली तिच्या मुठीत घामेजली होती. तिनं ती पदराच्या टोकात घातली, करकचून गाठ मारली, ओढून पाहिली.

"थांब जरा," ती म्हणाली, आणि विस्कटलेले केस बांधत सावकाश दाराकडे निघाली.